लग्नातला शालू पुन्हा नेसायचाय: कापडाची तपासणी, ब्लाउज, चिरलेल्या घड्या, जर (सविस्तर धागा)

तिरका_टाका

साडीचं एक बरं असतं, माणूस कितीही बदललं तरी साडी होते. अडतं ते तीनच ठिकाणी. ब्लाउज होत नाही, घडीवर रेशीम चिरलेलं असतं आणि जर काळवंडलेली असते. त्यावर बहुतेक घरांत साडी लगोलग ड्रायक्लीनला जाते आणि ब्लाउज टेलरकडे. वीस-पंचवीस वर्षं कपाटात पडलेल्या शालूच्या बाबतीत ही दोन्ही कामं नंतरची. आधी कापडात किती जीव उरलाय ते बघायचं.

तपासणी अशी:

साडी पूर्ण उलगडून दोघांनी दोन बाजूंनी धरा, मागे खिडकी किंवा ट्यूबलाइट असू द्या. घडीच्या रेषांवर केसाएवढ्या फटींतून उजेड दिसतो का, ते टोकापासून टोकापर्यंत बघा. ताणून धरू नका, नाहीतर ज्या फटी नव्हत्या त्या तयार होतील.

मग आतल्या टोकाचा (जे कमरेला खोचतो ते) पिको दोन इंच उसवा. एक उभा आणि एक आडवा धागा काढून चिमटीत ओढा. जिवंत रेशीम आधी थोडं ताणलं जातं आणि मग तुटतं. कुजलेलं रेशीम ताणलंच जात नाही, लगेच तुटतं, कधीकधी बोटाला भुकटी लागते. हीच परीक्षा ब्लाउजच्या बगलेतल्या मार्जिनवर (शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडावर) वेगळी करा, कारण साडी ठणठणीत आणि ब्लाउज कुजका हे नेहमीचं आहे.

यातून तीन गट पडतात. कापड पक्कं असेल तर फॉल आणि ब्लाउज एवढंच काम. अंग पक्कं पण घड्या चिरलेल्या असतील तर मागून आधार द्यावा लागेल. आणि सगळं अंगच गेलं असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. तेव्हा फक्त काठ-पदर वाचवायचे, नवीन अंगाला लावायचे. कुठला गट आहे हे ठरल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये.

प्रश्न विचारा, ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घाला. अनुभवकथन नको, कृती हवी.

गोगलगाय

वा, उपयोगी धागा. वाचनखूण साठवली. पहिला प्रश्न ब्लाउजचाच. छाती ३४ ची शिवलेली, आता ३८ लागते. टेलर म्हणतो नवीनच शिवा. ब्लाउजला साडीचाच काठ आहे, त्यामुळे टाकवत नाही.

मुंढा_साडेसात

टेलर म्हणणारच, उसवण्याच्या कामात त्याला काही सुटत नाही.

हिशोब सोपा आहे. ब्लाउज उलटा करून कुशीच्या शिवणीत मार्जिन किती ते मोजा. समजा १ इंच आहे. दोन कुशी, प्रत्येक कुशीला पुढचा आणि मागचा असे दोन थर, म्हणजे एकूण चार थर. प्रत्येक थरात पाव इंच शिवणीसाठी ठेवायलाच लागतं, उरलं पाऊण. पाऊण गुणिले चार म्हणजे ३ इंच. तुम्हाला ४ हवेत, १ इंच कमी पडतोय. मार्जिन सव्वा इंच निघालं तर मात्र बरोब्बर ४ मिळतात.

कुशी उसवताना बाहीची शिवणही तेवढीच उसवायची. हे न केल्यामुळे निम्मे ब्लाउज बिघडतात. अंगाचा मुंढा (बाही जोडतो तो घेर) एका बाजूला दीड इंचाने वाढला आणि बाही तेवढीच राहिली तर बगलेत चुण्या येतात आणि हात वर केला की ब्लाउज अख्खा वर चढतो. बाहीच्या शिवणीत मार्जिन नसेल तर बगलेत कळी घालायची. चौकोनी, तिरक्या कापाची, बाजू अडीच ते ३ इंच, शिवून झाल्यावर हात खाली असताना दिसत नाही.

काय वाढवता येत नाही तेही सांगतो. कटोरी (छातीवरचा वाटीसारखा भाग) लहान पडत असेल तर कुशी सोडून काहीही उपयोग नाही. घेर वाढतो, पण कटोरीचा उभार तेवढाच राहतो आणि पुढून ब्लाउज वर सरकून खालची पट्टी छातीवर बसते. अशा वेळी पुढचे भाग नवीन कापायचे. पाठ आणि बाह्या जुन्या ठेवायच्या. साध्या टक्सच्या (आकारासाठी घेतलेल्या चिमट्यांच्या) ब्लाउजला थोडी जागा मिळते, कारण टक्स अर्ध्याने उसवता येतात.

हूकपट्टी पुढे सरकवून जागा करणारे टेलर असतात. अर्ध्या इंचाच्या पलीकडे जाऊ देऊ नका. मध्य सरकला की दोन्ही बाजूंचे टक्स बगलेकडे जातात आणि ते डोळ्यांना लगेच खटकतं.

सोनसळी

+१. एक भर. मार्जिन सोडलं की जुन्या शिवणीची भोकं आणि रंगाचा पट्टा दिसतो. आतलं कापड उजेड-घामापासून लांब राहिलेलं असतं, ते गडद निघतं. भोकं बुजवायला वाफ वगैरे देतात, पक्क्या रेशमात थोडी बुजतातही, पण पट्ट्याचं काय करणार? त्यावर बारीक पायपिंग किंवा अर्धा इंचाची जरीची पट्टी कुशीच्या रेषेवर सरळ वरपासून खालपर्यंत लावायची. मुद्दाम केलेलं डिझाइन वाटतं. फक्त दोन्ही कुशींना लावा, एकाच बाजूला पट्टा दिसत असला तरी.

रेशीमकिडा

मार्जिन आहे म्हणून खूश होण्याआधी बगल तपासा. वर तिरका_टाका यांनी म्हटलंच आहे. घाम आणि डिओ या दोघांनी मिळून रेशीम जितकं खाल्लं जातं तितकं वीस वर्षांच्या पडून राहण्याने खाल्लं जात नाही. लग्नाच्या दिवशी चार-सहा तास अंगावर, मग तसाच घडी करून कपाटात, हा बहुतेक ब्लाउजांचा इतिहास. बगलेतलं कापड कडक, तपकिरी कडा असलेलं दिसतंय का? तिथे सुई घातली की भोकाभोवती कापड फाटत जाईल. मार्जिन असून नसल्यासारखं.

अशा ब्लाउजात बगलेचा तेवढा भाग लंबगोल कापून काढायचा, निदान पक्कं कापड लागेपर्यंत, आणि तिथे नवीन कापड. तेवढ्याने भागत नसेल तर बाहीचा काठ आणि पाठीची नक्षी तेवढी काढून, मिळत्या रंगाच्या रॉ सिल्कच्या नव्या ब्लाउजला लावा. बाहीचा काठ कापताना काठाच्या वर अर्धा इंच अंग सोडा. काठाच्या अगदी कडेला कापलंत तर दुमडायला काहीच राहत नाही.

मुंढा_साडेसात

बरोबर. आणखी एक, अस्तर बदलाच. जुनी अस्तरं धुण्यात आटलेली असतात, वरचं रेशीम आटलेलं नसतं, म्हणून ब्लाउज फुगल्यासारखा दिसतो आणि सगळे म्हणतात फिटिंग गेलं. नवीन टू बाय टू रुबिया (अस्तराचं सुती कापड) घ्या, रात्रभर भिजवून वाळवून इस्त्री करून मगच कापा. अस्तर वरच्या कापडापेक्षा घेरात पाव इंच कमी ठेवा. ताण अस्तरावर यायला हवा, रेशमावर नाही. जुन्या ब्लाउजात हे विशेष महत्त्वाचं.

सुई ९ किंवा ११ नंबरची. १६ नंबरची सुई लावलेल्या मशीनवर जुनं रेशीम देऊ नका, टाक्याच्या रेषेवर टपालाच्या तिकिटासारखं फाटतं. टाका जरा लांब ठेवायचा, बारीक टाक्याने भोकंच जास्त पडतात.

गोगलगाय

मार्जिन पाऊणच इंच निघालं. म्हणजे पाव सोडून अर्धा, गुणिले चार, २ इंच. उरलेले २ कुठून आणू?

मुंढा_साडेसात

पाठ मधोमध उघडा. पाठीला मध्यावर चीर, दोन्ही कडांना आतून पट्टी, पट्टीत कापडाचे लूप आणि त्यातून नाडी. मध्ये २ ते अडीच इंचाची फट राहते, तिच्यामागे त्याच रंगाची पट्टी एका बाजूला शिवून दुसऱ्या बाजूला हुकाने अडकवायची, म्हणजे पाठ उघडी दिसत नाही. मूळ कापड काढून न टाकता जागा मिळते आणि पुढच्या वर्षी वजन कमी-जास्त झालं तर नाडी ओढायची. पाठीला नक्षी असेल तर मात्र मधोमध चीर नको, त्यापेक्षा कुशीला मुंढ्यापासून खालपर्यंत इंचाची उभी पट्टी घाला, आणि तीच पट्टी बाहीतही न तोडता खाली जाऊ द्या.

वैदर्भी

ज्यांचा ब्लाउज हरवलाय किंवा पार गेलाय त्यांनी काय करायचं? साडीला जोडून आलेला ब्लाउजपीस आधीच वापरलेला. त्याच पोताचं कापड बाजारात मिळत नाही.

काठपदर

साडीतूनच काढायचा. सहावारी साडे पाच मीटर. आतल्या टोकाकडचा पहिला फेरा, म्हणजे कमरेच्या मापाप्रमाणे ८० सेंटिमीटर ते १ मीटर, नेसल्यावर दुसऱ्या फेऱ्याखाली पूर्ण झाकला जातो. तो भाग काढून घ्या, वरखालचे काठ बाह्यांना लागतील. साडीला त्या जागी मिळत्या रंगाचं सुती कापड तेवढंच जोडा. पन्हा (कापडाची रुंदी) मोजून घ्या. साडी साधारण ४५ ते ४७ इंच पन्ह्याची असते, सुती कापड ३६ पन्ह्याचं आणलंत तर जोड कमी पडेल. जोड चपटा करा, म्हणजे शिवण उघडून दोन्हीकडे दाबून. कमरेवर गाठीसारखी जाड शिवण आली तर निऱ्या बसत नाहीत.

आत सुती कापड आल्याचा फायदाही आहे. परकराला धरून राहतं, घसरत नाही.

तेच कापड उंचीलाही उपयोगी. जुन्या साड्या पन्ह्याला कमी असतात, उंच मुलीला घोट्याच्या वर राहतात. वरच्या कडेला, आतल्या टोकापासून निऱ्या संपेपर्यंत, म्हणजे अडीच ते तीन मीटर, ४ इंचाची सुती पट्टी जोडायची. ती परकरात खोचली जाते आणि साडी तेवढी खाली येते. पट्टीचं शेवटचं वीतभर टोक निमुळतं करत संपवा, एकदम तोडलं तर पदराकडे जाताना कमरेवर खाच दिसते.

गोगलगाय

हे माहीतच नव्हतं! धन्यवाद.

अवांतर_राव

अवांतर: शालू, पैठणी, बनारसी, सगळ्यांना एकच नियम का?

काठपदर

नाही. उलटून बघा. हातमागाच्या पैठणीत काठ-पदराचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असतात, त्यामुळे मोर-पोपट उलट्या बाजूनेही जवळजवळ तसेच दिसतात, सुटे धागे लोंबत नाहीत. मागून नेट लावायची गरज नाही. बहुतेक बनारसी शालूंच्या मागे जरीचे लांब सुटे धागे असतात किंवा ते कापून टाकलेले असतात. सुटे असतील तर ते अंगठीत, जोडव्यात, बांगड्यांत अडकतात आणि ओढ बसली की पुढची बुट्टी गोळा होते. कापलेले असतील तर जुन्या साडीत बुट्टीची टोकं सुटायला लागतात. दोन्हीत मागून नेट हवं. यंत्रमागावरची 'सेमी पैठणी' या बाबतीत बनारसीच्या गटात मोजा.

नेट मऊ घ्या. कडक नेट रेशमावर घासतं. साडीपेक्षा किंचित सैल, मीटरला अर्धा इंच तरी, आणि फक्त कडेने हाताने लावायचं, मध्ये बुट्ट्यांच्या मागे एकेक टाका. ताणून लावलेलं नेट पदर आखडवतं आणि पदर खांद्यावर चुरगळल्यासारखा दिसतो.

रेशीमकिडा

घड्या चिरण्याचं कारण इथेच लिहितो, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते. शालूत ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि जर असते बाण्यात (आडव्या धाग्यांत). वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडून ठेवलं की रेशमाचा ताणा तुटतो. जर तशीच राहते. म्हणून चीर पडली तरी जरीचे आडवे धागे जागेवर लोंबताना दिसतात. हे चांगलं लक्षण आहे. नक्षी हरवलेली नसते, फक्त आधार गेलेला असतो. रफू करणारे अशा ठिकाणी धागे ओढून घट्ट विणतात. घडीवरच्या लांब चिरेला ते चालत नाही, बाजूचं रेशीमही तेवढंच थकलेलं असतं आणि रफूच्या कडेने नवी चीर जाते.

आधार असा द्यायचा:

साडी टेबलावर सपाट, उलटी. चिरेपेक्षा सगळीकडून निदान १ इंच मोठी पट्टी घ्या, पातळ शुद्ध रेशमाची किंवा जुन्या मऊ मलमलची, रंग मिळता. पट्टीचे उभे-आडवे धागे साडीच्या उभ्या-आडव्या धाग्यांना समांतर. तिरकी लावली तर पट्टी ताणली जाते आणि साडी नाही, की लगेच झोळ. पट्टीच्या कडा दुमडू नका, दुमडीचा कंगोरा पुढून उमटतो आणि तिथेच पुढची चीर पडते. कडेचे चार-पाच धागे काढून झालर करा, तेवढं पुरतं.

आधी कच्चा टाका घालून पट्टी धरा. मग साडी सुलटी करून चिरेच्या दोन्ही कडा जवळ आणा. जवळ म्हणजे जुळतील इतक्या, एकमेकींवर चढवायच्या नाहीत. लोंबणारे जरीचे धागे सुईच्या मागच्या टोकाने सरळ करून जागेवर बसवा. नंतर रेशमी धाग्याचा एक पदर, १० नंबरची बारीक सुई, आणि चिरेला आडवे जाणारे लांब टाके, दोन टाक्यांत ३-४ मिलिमीटर अंतर. प्रत्येक टाका चिरेच्या पलीकडे पक्क्या कापडात अर्धा सेंटिमीटर तरी गेला पाहिजे, आणि सगळे टाके एकाच रेषेत संपवायचे नाहीत, एक लांब एक आखूड असे. टाके आवळायचे नाहीत. पॉलिस्टरचा दोरा वापरू नका, तो रेशमापेक्षा पक्का असतो. ताण आला की दोरा जिंकतो, कापड कापलं जातं.

एका घडीला, ४५ इंचांच्या चिरेला, हाताने करायला चांगलाच वेळ लागतो. म्हणून निऱ्यांत आणि पहिल्या फेऱ्यात लपणाऱ्या घड्यांना नुसती पट्टी आणि विरळ टाके पुरतात. बारीक काम पदर, खांदा आणि बसताना ताण येतो तो मागचा भाग, एवढ्यांसाठी राखून ठेवा.

शिवणयंत्र_२

एवढं कोण करतंय? बाजारात इस्त्रीने चिकटणारं पेस्टिंग मिळतं, दहा मिनिटांत काम.

रेशीमकिडा

मिळतं, आणि नवीन कापडाला ते उत्तम. जुन्या शालूवर तीन अडचणी. पातळ रेशमातून डिंकाचे ठिपके पुढून दिसतात. पेस्टिंग चिकटायला इस्त्री चांगली तापवावी लागते आणि प्लास्टिकची जर त्या उष्णतेला आखडते. आणि पेस्टिंगची कड संपते तिथे कडक आणि मऊ कापडाचा सांधा तयार होतो, पुढची घडी बरोबर त्याच रेषेवर चिरते. एकदा लावलं की काढता येत नाही, काढताना रेशीम सोबत येतं. ब्लाउजच्या गळ्याला, हूकपट्टीला लावा, हरकत नाही. साडीच्या अंगाला नको.

तिरका_टाका

सहमत. फेव्हिकॉल आणि फॅब्रिक ग्लू यांचंही तेच.

सोनसळी

जरीबद्दल कोणीतरी लिहा. काळी पडलेली जर चिंचेच्या पाण्याने उजळते असं आमच्याकडे सगळ्या बायका सांगतात.

तिरका_टाका

भांडी उजळतात, साडी नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, चांदीचं पॉलिश, सगळं जरीवर काम करेलही, पण जरीच्या आत रेशमी धागा आहे आणि शेजारी रेशमी ताणा आहे, तो त्यात खराब होतो. ओलाव्याने काठाचा रंग अंगात उतरतो ते वेगळंच.

जर ओळखायची कृती: आतल्या टोकाकडून मागच्या बाजूचा इंचभर धागा काढा. नखाने खरवडा. वरचा पत्रा उलगडून आत लाल किंवा पिवळा रेशमी धागा निघाला आणि पत्रा खाली चांदीसारखा पांढरा असेल तर जर बहुधा खरी, म्हणजे चांदीची, वर सोन्याचा मुलामा. पत्रा तांब्याच्या रंगाचा असेल तर 'टेस्टेड', तांब्यावर चांदी चढवलेली. काडीवर धरला आणि वितळून गोळी झाली तर प्लास्टिक. चांदीची जर काळपट होते, तांब्याची काळी-हिरवट, प्लास्टिकची काळी पडत नाही, तिचा वरचा रंग सोलला जातो.

काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. रबर, काही प्रकारचे पुठ्ठे आणि लोकरीचे कपडे गंधक सोडतात. म्हणून शालू लोकरी शालीसोबत एका पेटीत ठेवू नये. काळेपणा काढायचा घरगुती उपाय नाही. कोरडा, अगदी मऊ ब्रश जरीच्या दिशेने फिरवला तर वरची धूळ जाऊन दोन आणे फरक पडतो. बाकी ती मंद झळाळी तशीच राहू द्या. मला तर नव्या पिवळ्याधमक जरीपेक्षा तीच आवडते.

आणि दारावर 'जुनी जर, जुने शालू' म्हणत येणाऱ्याला साडी दाखवण्याआधी वरची परीक्षा स्वतः करा. तो साडी जाळून चांदी काढतो, भाव वजनावर सांगतो, आणि जर चांदीची आहे हे तुम्हाला माहीत नाही यावरच त्याचा धंदा चालतो.

वैदर्भी

डाग? हळद, कुंकू, पंगतीतलं तूप, सगळं आहे.

सोनसळी

हळदीच्या डागावर साबण किंवा सोडा लावायचा नाही. अल्कली लागली की हळद लाल होते आणि लोक घाबरून आणखी साबण लावतात. ड्रायक्लीनवाल्याला 'हा हळदीचा डाग' असं चिकटपट्टीने खूण करून सांगा, त्याला अंदाजाने औषध लावू देऊ नका. उन्हात हळद उडते हे सुती अष्टपुत्रीला (लग्नविधीतल्या साडीला) ठीक. रेशीम उन्हात धरलं तर हळदीच्या आधी रेशमाचा रंग आणि जीव उडतो.

ताज्या तुपाला टाल्कम पावडर चालते. वीस वर्षं मुरलेलं तूप पिवळं होऊन धाग्यात बसलेलं असतं, ते पूर्ण निघत नाही. डाग निऱ्यांत लपवता येतो का बघा. बऱ्याचदा पदर अर्धी वीत कमी-जास्त काढला की डाग आत जातो.

पाण्याने 'थोडंसं' पुसू नका. रेशमावर पाण्याच्या थेंबाचं कडं उमटतं, ते डागापेक्षा मोठं दिसतं.

रेशीमकिडा

ड्रायक्लीन कधी: फॉल उसवून, पण आधाराच्या पट्ट्या लावून झाल्यावर. चिरलेली साडी मशीनमध्ये फिरली की फटीचं भोक होतं. कापड तिसऱ्या गटातलं असेल तर ड्रायक्लीन करूच नका. सावलीत पसरून हवा द्या आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला नेट बांधून, कमी ओढीवर, कापडापासून थोडं वर धरून धूळ काढा. रोल पॉलिशलाही नाही म्हणा. दोन रुळांतून ताणून काढतात, नवीन साडी झळकते, जुनी चिरत जाते.

न्यूजर्सीकर

इथे फॉल-पिकोवाला दूर आणि बेभरवशाचा आहे. फॉल घरी हाताने लावला तर चालेल ना?

काठपदर

चालेल काय, जुन्या साडीला हातानेच लावावा. जुना फॉल आधी काढा. तो बहुतेक आटलेला असतो आणि खालचा काठ लाटांसारखा होतो तो त्यामुळेच. काठ ओढून सरळ करायला जाऊ नका.

नवीन सुती फॉल कोमट पाण्यात तासभर भिजवा. पाण्याला रंग आला तर रंग यायचा थांबेपर्यंत पाणी बदला. वाळवून इस्त्री करा. आतल्या टोकापासून वीतभर सोडून सुरू करायचा. वर सांगितलेला सुती जोड लावला असेल तर माप नव्या टोकापासून, नाहीतर फॉल निऱ्यांच्या बराच पुढे जातो. खालची कड साडीच्या कडेपासून एक-दोन धागे आत, तिथे बारीक धावदोरा. वरच्या कडेला तुरपाई, साडीचा एकच धागा उचलायचा, टाक्यांत पाऊण सेंटिमीटर. दर दीड फुटावर दोरा संपवून नवीन घ्या. मग कुठे अंगठा अडकला तर तेवढंच उसवतं, सगळा फॉल येत नाही. साडी टेबलावर पसरून करा, मांडीवर घेऊन केलं तर फॉल हमखास आखूड बसतो.

वैदर्भी

माझ्याकडची साडी तुमच्या तिसऱ्या गटात आहे. अंग हाताला कागदासारखं लागतं, काठ मात्र चांगले. काठ-पदर नव्या अंगाला लावताना काय सांभाळायचं?

काठपदर

कापायच्या आधी शिवायचं, हा पहिला नियम. काठाच्या वर अर्ध्या इंचावर अंगातून मशीनची एक सरळ शिवण पूर्ण लांबीभर घाला आणि शिवणीच्या पलीकडे कापा. पैठणीत काठाचा आणि अंगाचा बाणा एकमेकांत गुंतवलेला असतो. शिवण न घालता कापलंत तर काठाची वरची कड सुटत जाते आणि हातात नुसती जर राहते.

नवीन अंग काठाच्या वजनाचं हवं. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप वर जरीचा काठ लावला की अंग लोंबतं आणि काठ लोंबत नाही, दोन वेळा नेसल्यावर काठाच्या वर फुगा येतो. साधं, घट्ट विणीचं सिल्क घ्या. आटणारं असेल तर आधी आटवून घ्या. लांबी ५.५ मीटर, वरखाली मिळून ११ मीटर काठ. नव्या अंगाची किनार तशीच ठेवून जुना काठ तिच्यावर बसवा म्हणजे खालून दुहेरी कापड मिळतं आणि कुजक्या अर्ध्या इंचावर ताण येत नाही.

कच्चा टाका आधी मध्यावर, मग दोन्ही टोकांकडे. एका टोकापासून सुरुवात केली तर शेवटी काठ दोन-तीन इंच उरतो किंवा कमी पडतो, आणि मग लोक तो ओढून बसवतात. पदर सगळ्यात शेवटी लावा, काठ आणि पदराचा कोपरा जुळवूनच. काठाची वरची कड हाताने, खालची मशीनने.

नवा रंग निवडताना जुन्या अंगाचाच रंग शोधत फिरू नका. अगदी तोच मिळत नाही आणि 'जवळजवळ तोच' वाईट दिसतो. काठातल्या मिन्याच्या (जरीतल्या रंगीत नक्षीच्या) रंगांपैकी एक उचला.

अवांतर_राव

आणि शालूचा घागरा किंवा गाऊन? हल्ली सगळ्या भाच्यांना तेच हवं असतं.

मुंढा_साडेसात

पक्कं कापड असेल तर घागरा न कापता होतो. पदर सोडून जे साडे चार मीटर राहतं त्याच्या चुण्या हाताने पट्ट्यावर बसवायच्या. पन्हा ४६, घागरा ४० उंचीचा, वरचे ६ इंच कापायचे नाहीत, आत दुमडायचे. पदर सुटा सोडून खांद्यावर. पूर्ण सुती अस्तर पट्ट्याला वेगळं शिवा, म्हणजे वजन अस्तर उचलेल. हौस फिटली की टाके उसवून परत साडी. गाऊनमध्ये कळ्या कापाव्या लागतात, तो परतीचा रस्ता नाही. पर्सा आणि जॅकेटांबद्दल मी काही बोलत नाही.

शिवलेल्या नऊवारीबद्दलही तेच विचारा, 'न कापता शिवणार का?' आणि कापड थोडंही थकलेलं असेल तर नऊवारी नकोच, बसताना काष्ट्यावर जो ताण येतो तो जुनं रेशीम सोसत नाही. उलट आजीची खरी नऊवारी असेल, सव्वा आठ मीटर, तर पदराकडून साडे पाच मीटर सहावारी, एक मीटरचा ब्लाउज, आणि उरलेल्या पावणेदोन मीटरमध्ये लहान मुलीचं परकर-पोलकं होतं.

गोगलगाय

शेवटचं: कार्यक्रमाच्या दिवशी पिना कुठे लावायच्या? खांद्याला आधीच दोन भोकं आहेत.

रेशीमकिडा

त्या भोकांच्या मागे दोन इंचाची रेशमी पट्टी, वरच्यासारखीच, आणि पिन कायम पट्टीतून घ्यायची. पदर आणि ब्लाउज यांच्यामध्ये पिनेत एक छोटा मणी ओवा, पिनेच्या वळणात कापड अडकत नाही. निऱ्यांना पिन जरीतून नाही, निऱ्यांच्या आतल्या बाजूला सुती फितीचा इंचभर तुकडा शिवा आणि पिन त्यातून परकराला. परकर सुती, सॅटिनचा नको. सॅटिनवर साडी घसरते म्हणून चारऐवजी आठ पिना लागतात.

अत्तर साडी नेसायच्या आधी, अंगाला. उतरवल्यावर लगेच घडी नको, रात्रभर सावलीत दांडीवर. ब्लाउज मात्र दुसऱ्याच दिवशी ड्रायक्लीनला, आणि बगलेत घामाच्या पट्ट्या लावल्या असतील तर आधी काढून.

तिरका_टाका

ठेवताना मलमलमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर आधी मलमल आणि मग साडी गुंडाळता आली तर घडीच पडत नाही. घडीच करणार असाल तर दर तीन-चार महिन्यांनी घडीची रेषा वीतभर सरकवा. डांबर गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. लवंगांची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात, साडीपासून लांब.

वैदर्भी, काठ कापायच्या आधी त्या साडीचे दोन्ही बाजूंनी फोटो टाका. अंग कागदासारखं लागतं ते कधीकधी जुन्या खळीमुळेही असतं. धागा ओढून बघितलात का?